मशिनं वाढली, जागा संपली. करारावर सही करायची का?

प्रश्न: आमचं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांचं) वर्कशॉप आहे. जागा भाड्याची, ३,००० चौरस फूट. तीन वर्षांपूर्वी पाच मशिनं होती, आता नऊ आहेत: सहा लेथ, तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिनं). माणसं १४, शिफ्ट एकच. सळया वाटेतच पडलेल्या असतात. ट्रॉली न्यायची तर आधी दोन क्रेट उचलून बाजूला ठेवावे लागतात. ग्राहक बघायला आला की लाज वाटते. १२ किलोमीटरवर ७,००० चौरस फुटांचा गाळा मिळतोय. भाडं आत्ताच्या अडीचपट, करार पाच वर्षांचा, त्यातली पहिली तीन वर्षं सोडता येणार नाही. आत्ताच्या करारात दहा महिने उरलेत. साधारण ५५ टक्के काम गाड्यांचे भाग घेणाऱ्या एकाच कंपनीचं आहे. मालक म्हणतो, पंधरा दिवसांत काय ते सांगा. हलावं का?

उत्तर: पंधरा दिवसांत सही करू नका. सहा आठवडे मागून घ्या. नाही मिळाले तर हा गाळा सोडा. दहा महिने हातात असलेल्या माणसाने पंधरा दिवसांची घाई अंगावर घ्यायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात जागा अपुरी असल्याचा पुरावा भरपूर आहे, पण ती मशिनांना अपुरी पडतेय असं त्यातून दिसत नाही. सळया, क्रेट, अडलेली ट्रॉली, ही सगळी तक्रार मालाची आहे. मशीन ठेवायला जागा नसणं आणि माल पडून राहिल्यामुळे जागा नसणं हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्या आजारावर मोठा गाळा घेतला की वर्ष-दीड वर्षात तोही भरतो, आणि भाडं मात्र अडीचपट झालेलं असतं.

म्हणून आधी मोजा. शॉपचा नकाशा १:५० प्रमाणात आलेख कागदावर काढा आणि चार रंग वापरा. एक रंग मशीन आणि ऑपरेटर उभा राहतो त्या जागेचा, दुसरा वाटांचा, तिसरा मालाचा (कच्चा, अर्धवट, तयार, सगळा) आणि चौथा अशा गोष्टींचा ज्यांना तीन महिन्यांत कोणी हात लावलेला नाही: जुनी फिक्स्चर (भाग पकडून ठेवायची साधनं), परत आलेले जॉब (बनवलेले भाग), बंद पडलेला ग्राइंडर, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले सळयांचे तुकडे. मशीनची जागा मोजताना पत्र्याच्या कडेपर्यंतच थांबू नका. मागचा इलेक्ट्रिक पॅनेलचा दरवाजा पूर्ण उघडला पाहिजे, चिप कन्व्हेयर (धातूचा कीस बाहेर टाकणारा पट्टा) ओढून बाहेर काढता आला पाहिजे, आणि तीन मीटरची सळई घेणारा बार फीडर असेल तर लेथच्या बाजूला तेवढी लांबी आणखी धरावी लागते. हे धरूनही मशिनांचा रंग जेमतेम निम्म्या कागदावर दिसला, तर तुमची अडचण गाळ्याची नाही.

चौथ्या रंगातल्या प्रत्येक वस्तूवर आजची तारीख घातलेलं लाल लेबल लावा. महिनाभरात ज्या लेबलाला कोणी हात लावला नाही ती वस्तू भंगारात, विक्रीला किंवा बाहेरच्या लहानशा गोदामात जाते. सळया आडव्या पसरण्याऐवजी भिंतीलगतच्या कॅन्टिलिव्हर रॅकवर (एका बाजूने पुढे आलेल्या दांड्यांच्या) चढवा. जड सळया खाली, हलक्या वर, आणि रॅक जमिनीला बोल्टने आवळलेला. संकटकाळी बाहेर पडायची वाट किंवा विजेचा मुख्य पॅनेल क्रेटमागे दडलेला असेल, तर ते आजच मोकळं करा. त्याचा स्थलांतराशी काही संबंध नाही.

आता तिसरा रंग, आणि खरी मेख इथे आहे. शॉपमध्ये किती माल अडकलेला असतो याचं गणित सरळ आहे: रोज बाहेर पडणारे नग गुणिले एक नग आत राहतो ते दिवस. समजा रोज ६०० नग जातात आणि सळई आत आल्यापासून जॉब बाहेर पडेपर्यंत १५ दिवस लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी ९,००० नग तुमच्या जमिनीवर आहेत. तेच दिवस आठवर आणले तर ४,८००. उत्पादन तेवढंच, क्रेट जवळजवळ निम्मे. दिवस कमी करायचे तर सगळ्यात आधी सळई कापणं आवरा. सॉ (कापायची करवत) मोकळी दिसली की आठवड्याभराचा माल कापून ठेवायचा ही सवय जवळपास प्रत्येक शॉपमध्ये असते, आणि वाट अडवणारे क्रेट बहुतेक तिथूनच येतात. ज्या मशीनपाशी कायम रांग असते (तुमच्याकडे बहुधा एखादी व्हीएमसी), त्या मशीनला पुढचे दोन दिवस पुरेल एवढंच कापायचं, जास्त नाही. मग त्याच मशीनचा सेटअप वेळ कमी करा: पुढच्या जॉबचं फिक्स्चर आणि हत्यारं मशीन चालू असतानाच बाहेर जुळवून ठेवायची. सेटअप लहान झाला की लहान लॉट परवडतात, आणि लॉट लहान झाले की क्रेट आपोआप घटतात.

शिफ्टचाही विचार करा. आठवड्याचे तास १६८, तुमची मशिनं त्यातले ४८ तास चालतात. दहावं मशीन घेण्याआधी आणि त्यासाठी नवा गाळा घेण्याआधी, रांग लागणाऱ्या एक-दोन मशिनांवर दुसरी शिफ्ट लावून बघा. नऊच्या नऊ चालवायची गरज नाही. पण नुसता ऑपरेटर ठेवून शिफ्ट उभी राहत नाही. रात्री हत्यार तुटलं किंवा माप सरकलं तर ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलायचा अधिकार आणि अक्कल असलेला एक सेटर (मशीन जुळवून देणारा) लागतो, नाहीतर सकाळी भंगाराचा ढीग मिळतो. सुरुवातीला लांब सायकलचे, जुने, बसलेले जॉब तिकडे टाका. नवा जॉब रात्री लावू नका. शेजारी राहती घरं असतील तर आवाजाची मर्यादा आधी तपासा.

आता पैसा. प्रत्यक्ष रकमा तुम्ही भराच, इथे समजुतीसाठी महिन्याची विक्री १०० धरू. त्यातले ६२ माल, हत्यारं, बाहेरची प्रक्रिया आणि वाहतूक यांत जातात असं समजा, म्हणजे ३८ हाती राहतात. पगार, भाडं, हप्ते सगळे त्या ३८ मधून. भाडं आज ४ असेल तर अडीचपट म्हणजे १०: वाढ ६. विजेचा स्थिर आकार, सुरक्षा, माणसांची ने-आण मिळून आणखी १.६. एकूण वाढ ७.६. ती भागवायला विक्री किती वाढली पाहिजे? ७.६ भागिले ०.३८, म्हणजे २० टक्के. पुष्कळ जण इथे विक्रीच्या शंभरालाच भागतात आणि ‘साडेसात टक्के वाढलं की झालं’ म्हणतात. तिथेच फसतात, कारण वाढीव विक्रीलाही माल लागतो. शिवाय हलवण्याचा एकरकमी खर्च: रिगर (जड मशिनं उचलून हलवणारा), क्रेन, वायरिंग, हवेच्या पाइपलाइन, पाया, दोन्ही जागांचं भाडं एकाच वेळी भरावं लागतं ते दीड-दोन महिने, आणि मशिनं बंद असताना बुडालेलं उत्पन्न. हे सगळं मिळून ५४ झालं असं धरा. लॉक-इनच्या (करार सोडता येत नाही त्या) ३६ महिन्यांत विभागलं की महिन्याला दीड. आता आकडा २४ टक्क्यांवर गेला. एवढी विक्री वाढली तर तुम्ही आज आहात तिथेच राहाल, नफ्यात भर शून्य. इतकी वाढ लेखी ऑर्डरमध्ये दिसतेय का? कोटेशनमध्ये नव्हे, बोलण्यात तर नव्हेच.

५५ टक्क्यांच्या ग्राहकामुळे याला आणखी एक धार आहे. तो उद्या गेला तर उरलेल्या ४५ वर नव्या गाळ्याचं भाडं किती महिने निघेल? उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी येत असेल, तर तीन वर्षांचा लॉक-इन घेऊ नका. एक वर्षाचा मागा, त्यासाठी थोडं जास्त भाडं पडलं तरी चालेल.

याच ग्राहकाबद्दलची एक गोष्ट पत्रात नाही आणि ती बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. गाड्यांच्या भागांच्या धंद्यात उत्पादनाची जागा बदलणं हा ‘प्रक्रियेतला बदल’ मानला जातो. ग्राहकाला आधी कळवावं लागतं, आणि बहुतेक वेळा पीपीएपी (भाग मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांचा संच) पुन्हा सादर करावा लागतो: नव्या जागेत बनलेल्या नगांची मापं, क्षमतेचे आकडे, बदललेले कंट्रोल प्लॅन. मंजुरीला आठवडे लागू शकतात, आणि तोपर्यंत नव्या जागेतला माल तो घेणार नाही. म्हणजे तितक्या आठवड्यांचा तयार साठा जुन्या जागेत आधी बनवून ठेवावा लागेल, जिथे आत्ताच क्रेट ठेवायला जागा नाही. म्हणून त्यांच्या गुणवत्ता विभागाला याच आठवड्यात पत्र घालून विचारा: काय सादर करायचं, किती दिवस लागतील, जागेची पाहणी करणार का. आयएसओ ९००१ प्रमाणपत्र असेल तर त्यावरही पत्ता असतो. तेही बदलून घ्यावं लागतं. विम्याचंही तसंच. जुन्या पत्त्याची पॉलिसी ट्रकवरच्या मशीनला किंवा नव्या गाळ्याला आपोआप लागू होत नाही.

माणसांचं थोडक्यात. चौदा जणांच्या घरापासून नव्या जागेपर्यंतचा वेळ कागदावर मांडा, आणि सही करण्याआधी त्यांना विचारा. सगळे येतील असं धरू नका. तुमचा सगळ्यात चांगला सेटर उलट्या दिशेला राहत असेल, तर त्याच्या प्रवासाची सोय हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

एवढं मोजूनही हलणंच बरोबर ठरलं (तसं होऊ शकतं, विशेषतः मोठी मशिनं येणार असतील तर), तर गाळा चार बाबींवर तपासा. भिंतींचा रंग आणि ऑफिसची केबिन त्या चारांत नाही.

पहिली वीज. ‘येईल, अर्ज केलाय’ हे उत्तर नाही. मंजूर भाराचा कागद हातात हवा. तुमची गरज ठरवताना मशिनांच्या नेमप्लेट बेरजेवर जाऊ नका. सगळी मशिनं एका क्षणी पूर्ण ताकदीने चालत नाहीत, त्यामुळे ती बेरीज फुगलेली असते. सध्याच्या मुख्य पॅनेलवर आठवडाभर लोड रेकॉर्डर लावा, सर्वाधिक मागणी केव्हीएमध्ये बघा, येणाऱ्या मशिनांची भर घाला आणि वर पाव भाग राखीव ठेवा. मग गाळ्यात भर कामाच्या वेळी, शेजारचे कारखाने चालू असताना, तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. लांबच्या ट्रान्सफॉर्मरवरून लाइन आलेली असेल तर दुपारी व्होल्टेज पडतं आणि ड्राइव्ह (मशीनच्या मोटरी चालवणारे भाग) अलार्म देऊन थांबतात. हा दोष सुटीच्या दिवशी गाळा बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजून मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

दुसरी जमीन. गाळा तळमजल्यावर नसेल तर विषय जवळपास संपला. वरच्या मजल्यांचे स्लॅब हलक्या यंत्रकामासाठी चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास धरलेले असतात; सहा टनांची व्हीएमसी सहा चौरस मीटरवर उभी केली की १,००० किलो होतात, आणि तेही चार-सहा पायांवर एकवटून. तळमजल्यावरही काँक्रीटची जाडी आणि खालचा भराव विचारा. शंका असेल तर एक कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून बघा. तडे आणि सांधे नकाशावर काढून घ्या. एकाच मशीनचे पाय सांध्याच्या दोन बाजूंना आले तर दोन्ही स्लॅब वेगवेगळे हलतात आणि लेव्हल टिकत नाही. नवा पाया ओतला तर काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी २८ दिवस धरतात. ते वेळापत्रकात आधीच लिहा, कारण घाईत हेच दिवस कापले जातात. भिंतीवर पाण्याची रेघ दिसतेय का तेही बघा, आणि पावसात पाणी शिरतं का हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारा.

तिसरी छत आणि उष्णता. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचा शाफ्ट सकाळ आणि दुपार यांत १० अंशांनी तापला की ३५ मायक्रॉनच्या आसपास लांब होतो. तुमच्या जॉबची मर्यादा २० मायक्रॉन असेल तर उघड्या पत्र्याखाली दुपारचे नग रिजेक्ट होणार, आणि दोष ऑपरेटरला मिळणार. तेव्हा छताला इन्सुलेशन आहे का ते बघा, आणि खिडकीतून थेट ऊन पडतं तिथे व्हीएमसी मांडू नका. कॉलम एका अंगाने तापून वाकतो. कॉम्प्रेसरला वेगळी, हवा खेळती असलेली खोली हवी, कारण तो खातो ती जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

चौथी वाट. सगळ्यात उंच मशीन, त्याखालच्या स्केटची (हलवायच्या चाकांच्या पाटाची) उंची आणि वर हातभर मोकळीक, एवढं दारातून गेलं पाहिजे. फाटक, वळण, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा, सगळं टेपने मोजा. तुमच्याकडे येणारा सगळ्यात लांब ट्रक एकदा प्रत्यक्ष आणून वळवून बघा. आत हातट्रॉलीला दोन मीटरची वाट पुरते, पण नेहमीच्या फोर्कलिफ्टला साडेतीन ते चार मीटर लागतात. ७,००० चौरस फूट नकाशावर मोठे वाटतात; फोर्कलिफ्टच्या वाटा आखल्या की आवाका समजतो. उलट फोर्कलिफ्टची गरजच नसेल, तर तुम्हाला ४,५०० चौरस फूटही पुरतील. दुपटीपेक्षा मोठी जागा घेण्यामागे बहुतेक वेळा हिशोब नसतो, आत्ताच्या कोंडीचा राग असतो. (ग्राहकासमोर वाटणाऱ्या लाजेवर एका शनिवारच्या साफसफाईचा आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांचा उपाय आहे.)

करारात लॉक-इन दोघांनाही बांधतो का ते वाचा. पुष्कळदा तो फक्त भाडेकरूला बांधतो. वायरिंग आणि पाया बसवायच्या काळात भाडं माफ मागा. वीजभार वाढवायचा खर्च कोणाचा, काही भाग पोटभाड्याने देता येईल का, भाडेवाढ कधी आणि किती, जाताना जमीन पूर्ववत करायची का, हे सगळं लेखी. आणि सहीच्या आधी एक अट घाला: मंजूर वीजभार मिळाल्याच्या दिवसापासून भाडं सुरू.

हलवताना मशीनमागे चार कामाचे दिवस धरा: सोडवणं, नेणं, बसवून जोडणं, चाचणी. रिगर ‘एका दिवसात’ म्हणतो ते फक्त त्याच्या कामाबद्दल असतं. नऊ मशिनं एकदम उचलू नका. आधी सगळ्यात बिनमहत्त्वाचा लेथ न्या आणि त्यावर नव्या जागेची वीज, हवा, अर्थिंग आठवडाभर तपासा. रांग लागणारं मशीन त्यानंतर, त्याचा साठा बनवून झाल्यावर.

प्रत्येक सीएनसीचे पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट, पिच एरर कॉम्पेन्सेशन (स्क्रूच्या चुकीची दुरुस्ती) आणि लॅडर (मशीनच्या आतल्या नियंत्रणाचा प्रोग्रॅम) यांचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. मेमरी आणि एन्कोडरच्या (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाच्या) बॅटऱ्या मशीन चालू असतानाच बदला. जुनी बॅटरी घेऊन मशीन चार दिवस बंद राहिलं की पॅरामीटर किंवा रेफरन्स (अक्षाचा शून्यबिंदू) जातो, आणि मग कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघत बसावं लागतं. हलवण्याआधी भूमितीची मापं आणि एक ठरावीक चाचणी नग कापून जपून ठेवा. तोच नग नव्या जागेत कापायचा. आधीचं माप नसेल तर ‘वाहतुकीत बिघडलं’ हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, विमा कंपनीपुढे तर नाहीच. कूलंट पूर्ण काढा, उघड्या स्लाइडवे तेलाने माखा, निर्मात्याचे ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट लावा. केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेलं लेबल लावा आणि फोटो काढून ठेवा.

जोडल्यावर स्विच टाकण्याआधी फेज सिक्वेन्स मीटर लावा. दोन फेज उलटे जोडले गेले तर हायड्रॉलिक आणि कूलंटचे पंप उलटे फिरतात. चकमध्ये दाब येत नाही, आणि कोरडा फिरलेला हायड्रॉलिक पंप थोड्या वेळात खराब होतो. हवेची मुख्य पाइप ड्रेनच्या दिशेने मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतरती ठेवा आणि मशीनची जोडणी पाइपच्या वरच्या अंगातून काढा, म्हणजे साचलेलं पाणी व्हॉल्व्हमध्ये जाणार नाही. मशीनची लेव्हल दर मीटरला ०.०२ मिलिमीटरच्या आत आणा. जमीन वजनाखाली बसते, त्यामुळे ती दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि तिसऱ्या महिन्यात आणखी एकदा. या दोन तपासण्या रिगरच्या किंवा सर्व्हिस इंजिनिअरच्या कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या; नंतर बोलावलं तर प्रत्येक फेरीचं वेगळं बिल येतं.